'किरकोळ सुधारणा' म्हणजे नक्की काय, बॉस?

'बग फिक्सेस अँड परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स.' मोबाइलवरचा कुठलाही ऑनलाइन गेम घ्या, अपडेटच्या खाली हे वाक्य हमखास सापडतं. पत्रिकेतल्या 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'सारखं, सगळीकडे सेम! कुठला बग? कुणाचा परफॉर्मन्स? विचारायचं नाही. बटण दाबायचं, एमबी मोजायचे आणि गुपचूप खेळायचं.

पुण्या-मुंबईत वायफायवर पडीक असणाऱ्यांना याचं फार काही वाटत नाही. रात्री फोन चार्जिंगला लावला, सकाळी गेम अपडेट! पण माझं आजोळ नंदुरबार जिल्ह्यातलं. तळोद्यातला माझा मामेभाऊ आणि त्याची गँग रोजचा डेटा पैशासारखा जपून वापरते. धडगाव, अक्कलकुव्याकडून शिकायला आलेले त्याचे मित्र सुटीत घरी निघण्याआधी तळोद्यातच अपडेट उतरवून घेतात. कारण वरच्या काही पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. एवढा खटाटोप करून हाती काय? तर तीच एक ओळ. मग 'काय बदलनं, ताई?' असा खास अहिराणी मेसेज मला येतो. मी 'मीडियात' आहे, म्हणजे मला सगळं माहीत असणारच ना!

गंमत म्हणजे या दुरुस्त्यांना 'पॅच' म्हणतात, म्हणजे चक्क ठिगळ. पूर्वी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहिले जायचे. चुकलं की तेवढा तुकडा कापायचा आणि दुरुस्त तुकडा चिकटवायचा. ठिगळ कुठं लावलंय ते डोळ्यांना दिसायचं. आता ते दिसत नाही, म्हणून सांगावं लागतं. आणि घोडं पेंड खातं ते तिथंच!

एका फाइलचा प्रताप

'एवढंसं काय सांगायचं?' असं वाटत असेल तर 'ईव्ह ऑनलाइन'ची गोष्ट ऐका. डिसेंबर 2007. आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं या गेमचं मोठं अपडेट आणलं. गेमची स्वतःची एक जुनी फाइल पुसायची होती. तिचं नाव 'बूट डॉट आयएनआय'. दुर्दैवानं विंडोज एक्सपी सुरू व्हायला लागणाऱ्या फाइलचं नावही तेच! पत्ता लिहिताना एक तिरकी रेघ चुकली आणि भलतीच फाइल उडाली. कित्येकांचे कॉम्प्युटर पुन्हा सुरूच होईनात. कंपनीनं काय केलं? काय चुकलं, कसं चुकलं, तपासणीत का सापडलं नाही, सगळं सविस्तर लिहून जाहीर केलं. शिव्या पडल्याच, पण लोकांना निदान काय झालंय ते कळलं.

उलट उदाहरण 'फोर्टनाइट'चं. ऑक्टोबर 2019 मध्ये त्याचा दुसरा अध्याय आला आणि एपिक गेम्सनं सविस्तर नोंदी देणं बंद केलं. मग काय, खेळाडूच डिटेक्टिव्ह झाले! कुठली बंदूक गुपचूप कमजोर केली, काय वाढवलं, याचा शोध फाइली उपसून सुरू. आपल्याकडे लुडोतही हेच. लागोपाठ चार डाव सहा पडला नाही की 'अपडेटनंतर फासा फिक्स केलाय' ही बातमी कट्ट्यावर फिरते. काहीच सांगितलं नाही की लोक आपापल्या गोष्टी रचतात. साधा मनुष्यस्वभाव आहे, यार.

कंपन्यांची बाजूही आहे

गप्प राहण्याला कारणं असतात. चीटिंग करणाऱ्यांची एखादी पळवाट बुजवली तर ती नेमकी कुठं होती हे सांगणं म्हणजे चोराला पत्ता देणं. काही दुरुस्त्या कंपनीच्या सर्व्हरवरच होतात, आपल्याला डाउनलोड करायला काहीच नसतं. शिवाय गुगल प्ले अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडू देतं. आधी थोड्या टक्के लोकांना, मग बाकीच्यांना. म्हणजे एकाच दिवशी शहाद्यातल्या पोराकडे नवा गेम आणि नंदुरबारातल्याकडे जुना, असं होऊ शकतं. पण हेही सांगता येतंच की!

सांगायचं कसं, हे 'लीग ऑफ लेजंड्स'वाल्यांकडून शिकावं. आधी कारण, मग बदल. 'हे पात्र फारच जिंकत होतं, म्हणून ताकद इतकी कमी केली.' बस्स! न पटलं तरी निदान भांडायला मुद्दा मिळतो.

आणि कधीकधी ठिगळ खेळाडूच शिवून देतो. 'जीटीए ऑनलाइन' सुरू व्हायला कित्येकांना मिनिटंच्या मिनिटं लागायची. 2021 मध्ये एका खेळाडूनं मूळ शोधलं. दहा एमबीची, सुमारे 63 हजार वस्तूंची यादी गेम अत्यंत वेंधळेपणानं वाचत होता. त्याच्या दुरुस्तीनं थांबण्याचा वेळ सुमारे 70 टक्क्यांनी घटला. रॉकस्टारनं ते मान्य केलं, मार्चच्या अपडेटमध्ये दुरुस्ती दिली, 10 हजार डॉलर दिले आणि अपडेटच्या नोंदीत त्याच्या टोपणनावानिशी आभार मानले. याला म्हणतात दिलदारी!

आता मुद्दा आपल्या भाषेचा. प्ले स्टोअरवर 'नवीन काय' या रकान्यात 500 अक्षरं लिहिता येतात, आणि ती प्रत्येक भाषेसाठी वेगळी देता येतात. मराठीतसुद्धा. म्हणजे सोय आहे, कंटाळा नडतो. 500 अक्षरांत काय मावतं? 'जुन्या फोनवर गेम मध्येच बंद पडायचा, आता पडणार नाही. अपडेट 80 एमबी. नवा फोन असेल तर घाई नको.' एवढं कळलं तर तळोद्यातला पोरगा ठरवू शकतो, आजचा डेटा खर्चायचा की रविवारी गावात गेल्यावर बघायचं. त्याच्यासाठी हा शौकाचा नाही, हिशेबाचा प्रश्न आहे.

देशातलं पहिलं आधार कार्ड सप्टेंबर 2010 मध्ये याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. नव्या तंत्रज्ञानाचं उद्घाटन करायला नंदुरबार चालतं, मग चार ओळी समजावून सांगायला का चालू नये? सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात बघतो, मग चाल बघतो आणि शेवटी विचारतो, खोड काय? विकणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. गेम विकणाऱ्यांना आपण हा प्रश्न कधी विचारलाच नाही.

तर या आठवड्याचा होमवर्क. पुढचं अपडेट आलं की 'ओके' दाबण्याआधी ती ओळ वाचा. काहीच कळलं नाही, तर रिव्ह्यूच्या रकान्यात मराठीतच लिहा : काय बदललं?

पन्नास हजार लोकांनी विचारलं ना, की किरकोळ काहीच राहत नाही!