मर्यादित आवृत्ती, अमर्याद मोह

परवा आम्ही परिचयाच्या एका घरी गेलो होतो. घरचा मुलगा नुकताच नोकरीत स्थिर झालेला. हातात एक चकचकीत माहितीपत्रक घेऊन तो वडिलांची समजूत घालीत होता. गाडी खडबडीत वाटांसाठी बनविलेली, चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी. परंतु तिच्या साध्या रूपात त्याला गोडी नव्हती. त्याला हवी होती शर्यतीचे नाव लावलेली, मोजक्याच संख्येने निघणारी खास आवृत्ती. ‘‘बाबा, अशी पुन्हा निघणार नाही,’’ एवढेच त्याचे म्हणणे. वडिलांनी शांतपणे विचारले, ‘‘पण हिच्यात जास्त काय आहे?’’ मुलाला उत्तर देता आले नाही. तोच प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लँड रोव्हर हे नाव आपल्यातील वडीलधाऱ्यांना नव्याने सांगावयास नको. ही गाडी १९४८ साली आम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. युद्धानंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती, म्हणून तिच्या अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आला. इंजिन जेमतेम ५० अश्वशक्तीचे. तिच्या इंजिनावर शेतातील यंत्रेही चालविता येत. थोडक्यात, ती कष्टकऱ्याची गाडी होती आणि कष्टानेच तिने नाव कमावले. १९९० मध्ये तिला डिफेंडर हे नाव मिळाले. २९ जानेवारी २०१६ रोजी त्या जुन्या बांधणीची शेवटची गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१८ साली, सत्तरीच्या निमित्ताने त्याच डिफेंडरची ‘वर्क्स व्ही-८’ ही आवृत्ती जाहीर झाली. गाड्या फक्त १५०. शक्ती ४०५ अश्वशक्ती. किंमत सुमारे १,५०,००० पौंडांपासून पुढे. नव्या बांधणीच्या डिफेंडरची ‘ऑक्टा’ ही आवृत्ती २०२४ साली आली. तिची शक्ती ६३५ अश्वशक्ती, आणि उभी असलेली ही गाडी चार सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. २००८ पासून ही कंपनी मुंबईच्या टाटा समूहाकडे आहे, याचा आम्हांस अभिमानच वाटतो. परंतु अभिमान वेगळा आणि खरेदीचा हिशेब वेगळा.

अशा सर्व आवृत्त्या पोकळ असतात असे आमचे म्हणणे नाही. ‘वर्क्स व्ही-८’मध्ये इंजिनाबरोबर ब्रेक आणि स्प्रिंगाही सुधारलेल्या होत्या. त्याहून चांगले उदाहरण मित्सुबिशीच्या ‘पजेरो इव्होल्यूशन’चे. ती १९९७ ते १९९९ या काळात निघाली. संख्या सुमारे २,५००. डाकार शर्यतीच्या ज्या गटात कंपनीला उतरावयाचे होते, त्याचा नियमच असा होता की तशी गाडी ठराविक संख्येने सामान्य ग्राहकालाही विकलेली असावी. म्हणून ती विकली गेली. साध्या पजेरोचा मागचा आस एकसंध होता. हिची मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होत. १९९८ ची डाकार शर्यत याच गाडीने जिंकली. तेथे आधी काम होते, मग नाव आले.

आता मात्र पुष्कळ ठिकाणी क्रम उलटा झाला आहे. इंजिन तेच, ब्रेक तेच, स्प्रिंगा त्याच. वरून काळी चाके, आसनांना लाल शिवण, दारावर पट्टे आणि आत क्रमांक कोरलेली धातूची चकती. नाव मोठे, लक्षण खोटे! पुष्कळदा तर रुंद चाकावर पातळ टायर चढवितात. ते गुळगुळीत रस्त्यावर शोभतात, पण दगडधोंड्यांत लवकर फाटतात. म्हणजे ज्या कामासाठी गाडी जन्मली, त्याच कामाला ती कमी उपयोगी पडते.

कोणी म्हणेल, दुर्मिळ वस्तूची किंमत पुढे वाढते. काही गाड्यांची वाढतेही. पण कोणत्या? ज्या झाकून ठेविल्या, ज्यांना ओरखडा गेला नाही. आपल्या घरची गाडी मुलांना शाळेत पोहोचविते, बाजार करते, गणेशविसर्जनाला सगळ्या कुटुंबाला समुद्रावर नेते. चिखल तुडवावयाची गाडी चिखलापासून जपत बसावयाची आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे हप्ते भरावयाचे, यात शहाणपण कोणते?

वेगाचाही विचार हवा. आपल्या मोठ्या रस्त्यांवरदेखील वेगाची कमाल मर्यादा ताशी ११० किलोमीटर आहे. वेग दुप्पट झाला की गाडी थांबविण्यासाठी ब्रेकांना चौपट काम करावे लागते. उंच आणि अडीच टनांच्या गाडीत हे विसरणे म्हणजे संकटाला निमंत्रण. शर्यतीचे चिन्ह गाडीवर लावता येते. शर्यत चालविणाऱ्याचा सराव त्या चिन्हाबरोबर मिळत नाही.

म्हणून आमच्या तरुणांना आमचे सांगणे असे की, सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. साध्या गाडीहून हिच्या इंजिनात, ब्रेकांत आणि चाकांच्या बांधणीत नेमका कोणता फरक आहे? तो फरक आपल्या रोजच्या वाटेवर उपयोगी पडेल काय? आणि तिचे खास सुटे भाग दहा वर्षांनी मिळतील काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील आणि पैसा स्वतःचा असेल, तर खुशाल घ्या. कष्टाच्या पैशाची हौस करण्यात गैर काही नाही. उत्तरे नसतील तर साधी गाडी घ्या. अंथरूण पाहून पाय पसरावे हे वडिलांनी सांगितलेले अजून खोटे ठरलेले नाही.

शेवटी एक आठवण. आपले पूर्वज मुंबई बंदरातून या बेटावर उतरले, तेव्हा त्यांनाही क्रमांक मिळाला होता. सरकारी वहीत नावापुढे तो आकडा लिहिला जाई. त्या आकड्यातून बाहेर पडून स्वतःचे नाव उभे करण्यास त्यांना एक आयुष्य पुरले नाही. त्यांच्या नातवंडांनी कर्ज काढून चकतीवरचा आकडा विकत घ्यावा आणि त्यालाच प्रतिष्ठा समजावे, हे आम्हांस पटत नाही.

त्या घरातील माहितीपत्रक अजून मेजावरच आहे असे कळते. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मुलगा शोधतो आहे. तो शोधतो आहे, हेच आम्हांस शुभचिन्ह वाटते.