विश्लेषण : बाळंतपणाचे बिल लाखाच्या घरात, मग आरोग्य विमा हात आखडता का घेतो?

घरात पाळणा हलणार म्हटले की आनंदाबरोबर खर्चाचा हिशोबही सुरू होतो. ‘पाच लाखांचा आरोग्य विमा आहे, काळजी नाही’ असे अनेक जोडपी गृहीत धरतात. प्रत्यक्षात डिस्चार्जच्या दिवशी विमा कंपनी ४०-५० हजारांवर थांबते आणि उरलेली रक्कम खिशातून भरावी लागते. काही पॉलिसींत तर एक रुपयाही मिळत नाही. असे का होते आणि कुटुंबांनी आधीच काय तपासून घ्यावे?

खासगी रुग्णालयात खर्च किती?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) खासगी रुग्णालयातील प्रसूतीचा देशातील सरासरी खर्च ग्रामीण भागात सुमारे २१ हजार, तर शहरी भागात सुमारे २९ हजार रुपये होता. ही देशभराची आणि काही वर्षांपूर्वीची सरासरी आहे. आज मुंबई-पुण्यातील मोठ्या रुग्णालयात सिझेरियनचे बिल लाखाच्या पुढे जाणे नवे राहिलेले नाही. त्यात खोलीभाडे, शस्त्रक्रियागृह, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, जन्माच्या वेळी हजर असलेले बालरोगतज्ज्ञ, औषधे आणि इतर साहित्य यांचा समावेश असतो. अनेक रुग्णालयांत खोलीचा दर्जा बदलला की डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचे दरही बदलतात. त्यामुळे तीच शस्त्रक्रिया जनरल वॉर्डपेक्षा स्वतंत्र खोलीत बरीच महाग पडते.

शिवाय नऊ महिन्यांच्या तपासण्या, सोनोग्राफी, रक्तचाचण्या आणि गोळ्या यांचा खर्च वेगळाच. तो बाह्यरुग्ण खर्च असल्याने बहुतेक पॉलिसी तो देत नाहीत.

सिझेरियनचे प्रमाण किती वाढले?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. आधीच्या फेरीत हे प्रमाण १७.२ टक्के होते. महाराष्ट्रात ते २०.१ वरून २५.४ टक्क्यांवर गेले. देशातील सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. म्हणजे खासगीत जवळपास दर दुसरी प्रसूती शस्त्रक्रियेने होते. लोकसंख्येच्या पातळीवर सिझेरियनचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता व बालमृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले होते.

या तफावतीचे खापर केवळ नफेखोरीवर फोडता येणार नाही. वाढलेले वय, मधुमेह-रक्तदाब, आधीचे सिझेरियन, कळांची भीती आणि मुहूर्ताचा आग्रह हीसुद्धा कारणे आहेत. मात्र कारण कोणतेही असले, तरी आर्थिक तयारी सिझेरियन गृहीत धरूनच करावी लागते.

विमा कंपन्या मागे का राहतात?

विम्याचे गणित अनिश्चित धोक्यावर उभे असते. हजार जण हप्ता भरतात आणि त्यातील मोजक्यांना आजार होतो. प्रसूतीचे तसे नसते. मूल हवे असलेली जोडपीच हे संरक्षण घेतात आणि त्यातील बहुतेक जण दावा करतात. म्हणून भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने (इर्डाई) ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणुकींच्या यादीत प्रसूती खर्चही आहे. सिझेरियन, गुंतागुंतीची प्रसूती आणि अपघाताशिवाय झालेला गर्भपात हे सारे त्यात मोडते. गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा मात्र यास अपवाद आहे. १ एप्रिल २०२० पासून सुरू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीतही प्रसूती खर्च मिळत नाही.

ज्या वैयक्तिक पॉलिसींत हे संरक्षण असते, तिथे दोन अटी असतात. पहिली अट प्रतीक्षा कालावधीची. तो साधारण नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत असतो, दोन-तीन वर्षांचा कालावधी सर्रास आढळतो. म्हणजे गर्भधारणा झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही. दुसरी अट उपमर्यादेची. विमा पाच लाखांचा असला तरी प्रसूतीसाठी वेगळी, बरीच कमी मर्यादा असते.

समजा, सिझेरियनचे बिल १ लाख २० हजार झाले आणि उपमर्यादा ५० हजारांची आहे, तर ७० हजार रुपये कुटुंबालाच भरावे लागतील. त्यात या संरक्षणासाठी तीन वर्षे दरसाल १० हजार रुपये जादा हप्ता भरला असेल, तर विम्याचा खरा लाभ उरतो २० हजारांचा. म्हणून प्रसूती संरक्षण घेण्यापूर्वी जादा हप्त्याची बेरीज आणि मिळणारी रक्कम शेजारी मांडून पाहावी. काहींना तेवढीच रक्कम बँकेत आवर्ती ठेवीत टाकणे फायद्याचे ठरू शकते.

नोकरीतील गटविमा कितपत तारतो?

अनेक कंपन्यांच्या गटविम्यात प्रसूतीसाठी प्रतीक्षा कालावधी नसतो. उपमर्यादा मात्र तिथेही असते आणि नोकरी सुटली की संरक्षणही सुटते. पती-पत्नी दोघांचे गटविमे असतील आणि दोन्हींत पत्नीचे नाव असेल, तर एका पॉलिसीची मर्यादा संपल्यावर उरलेल्या रकमेसाठी अटींनुसार दुसऱ्या पॉलिसीकडे दावा करता येतो.

दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि राज्य कामगार विमा योजनेत नोंद असलेल्या कामगारांना त्या योजनेतून प्रसूतीची वैद्यकीय सेवा मिळते. शेतमजूर, घरकामगार किंवा छोट्या दुकानात काम करणाऱ्या महिलांकडे मात्र सहसा यातले काहीच नसते.

बाळाच्या उपचारांचे काय?

खरा आर्थिक फटका बसतो तो इथे. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल, तर त्याला नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागते आणि तिथले बिल दिवसागणिक वाढते. जुळे असेल तर दुप्पट. ही घटना अनिश्चित आणि खर्चिक आहे, म्हणजे विमा जिथे खऱ्या अर्थाने हवा ती हीच जागा. पण काही पॉलिसी बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण देतात, काही ९० दिवसांनंतर, तर काहींत बाळाचा खर्चही प्रसूतीच्या त्याच उपमर्यादेत धरला जातो. प्रसूतीची रक्कम किती, यापेक्षा हा मुद्दा आधी तपासावा.

पहिले बाळंतपण माहेरी होणार असेल, तर त्या गावातील रुग्णालय विमा कंपनीच्या जाळ्यात आहे का, हेही विचारून घ्यावे. इर्डाईच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय देणे कंपन्यांना बंधनकारक आहे.

सरकारी पर्याय कोणते?

जून २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियनसह, मोफत आहे. औषधे, चाचण्या, रक्त, आहार आणि घरापासून ये-जा करण्याची सोयही त्यात येते. आजारी अर्भकावर एक वर्षापर्यंत मोफत उपचार होतात. तरीही सरकारी रुग्णालयातील प्रसूतीसाठी कुटुंबांना सरासरी २,९१६ रुपये खिशातून खर्चावे लागल्याचे कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. गर्दी, एकांताचा अभाव आणि वागणुकीचे अनुभव यांमुळे ऐपत नसलेली कुटुंबेही कर्ज काढून खासगीकडे वळतात.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र महिलांना पहिल्या अपत्यासाठी ५ हजार, तर दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६ हजार रुपये मिळतात. खासगी बिलापुढे ही रक्कम तुटपुंजीच आहे.

रुग्णालयांवर कोणती बंधने आहेत?

२०२१ मध्ये सुधारलेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्क सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणे सक्तीचे आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत (वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत (३ लाख ६० हजारांपर्यंत) राखीव असतात. आणीबाणीत अनामत रकमेसाठी रुग्णाला अडवता येत नाही. तरीही २०२५ मध्ये पुण्यात गर्भवतीकडे मोठी अनामत मागितल्याचा आरोप झाला आणि राज्यभर संताप उसळला. नियम कागदावर असणे आणि दाखल करून घेणाऱ्या खिडकीवर पाळले जाणे, यातले अंतर त्यातून दिसले.

तोडगा काय?

प्रसूती ही बहुतांश वेळा ठरलेली घटना आहे, गुंतागुंत मात्र ठरलेली नसते. ठरलेल्या खर्चासाठी बचत आणि स्पष्ट दरपत्रक, तर गुंतागुंत व नवजात बाळासाठी पूर्ण रकमेचा विमा, अशी विभागणी झाली तर कुटुंबांचा भार खऱ्या अर्थाने हलका होईल. आजची पद्धत नेमकी उलटी आहे. ठरलेल्या खर्चासाठी थोडी रक्कम मिळते आणि संकटाच्या वेळी तीच मर्यादा आड येते. ती बदलेपर्यंत सातव्या महिन्याच्या आत रुग्णालयाकडून नैसर्गिक प्रसूती, सिझेरियन आणि नवजात अतिदक्षता विभाग या तिन्हींचे अंदाजपत्रक लेखी मागणे, हाच कुटुंबांच्या हातातला उपाय आहे.