काऊन बे, पुरावा?

काय मंडळी, आपल्या गावाचं पान मराठी विकिपीडियावर कधी शोधलंय? मी शोधलं. लंच टाइमला, बॉस मीटिंगमध्ये असताना. वाशिम! लगेच 'संपादन'वर क्लिक करून ठोकून दिलं, 'वाशिम ही वाकाटकांची राजधानी होती.' चहा घेऊन येईतो वाक्य गायब. कारण एका शब्दाचं: 'संदर्भ?'

डोकंच सटकलं. मी पुन्हा टाकलं, त्यानं पुन्हा काढलं. वाशिमच्या मित्राला फोन केला, तर तो म्हणे, "काऊन बे, आता आपल्या गावाचाबी पुरावा द्या लागते का?"

लागतो राव. १ मे २००३ला सुरू झालेल्या या विकिपीडियावर कुणी पगारी संपादक नाही. बोलायला चावडी, हात साफ करायला धूळपाटी, मत द्यायला कौल. अगदी गावासारखं! दंगा आवरायला प्रचालक असतात. पान वगळणं, एखाद्याला रोखणं त्यांच्या हातात, पण तेही सदस्यांमधूनच आलेले. आणि केलेला प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात राहतो. माझा तमाशासुद्धा!

शेवटी चर्चा पानावर गेलो. समोरचा चक्क सभ्य निघाला. मग वा. वि. मिराशींचं पुस्तक शोधलं. वाशिमला १९३९मध्ये सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वत्सगुल्माहून, म्हणजे आपल्या वाशिमहूनच दिलेला आहे. पण ही राजधानी वाकाटकांच्या एका शाखेची. दुसरी शाखा नंदिवर्धनला, नागपूरजवळ. म्हणजे माझं वाक्य अर्धवटच होतं की!

सगळीकडे असं गोडीत मिटत नाही, बरं का. क्रोएशियन विकिपीडियावर मोजक्या प्रचालकांनी वर्षानुवर्षं विरोधकांना रोखून इतिहास आपल्या सोयीनं लिहिला. विकिमीडिया फाउंडेशनचा त्यावरचा अहवाल आला २०२१मध्ये. नियम तिथेही होते, पण ते राबवणारेच कंपू करून बसले. भाषा लहान, लिहिणारे थोडे, की चावडी बळकावायला चार जण पुरतात. आपल्याकडेही लिहिणारे कितीसे आहेत?

मित्राला आता सदस्य केलंय. त्यानं पहिल्याच दिवशी कारंज्यावर चार ओळी लिहिल्या, एकही संदर्भ न देता. काढल्या मीच. तेव्हापासून फोन उचलत नाहीये.