विकत घेतलेला खेळ कोणाचा?

वाशीम जिल्ह्यातील मालेगावच्या माणसाला परगावी गेल्यावर ‘नाशिक जिल्ह्यातले नव्हे हो’ असा खुलासा जन्मभर करावा लागतो. सोयाबीन-तुरीवर जगणारे हे तालुक्याचे गाव. व्हिडिओ गेमसाठी लागणारा महागडा संगणक किंवा कन्सोल अशा गावात किती घरांत असणार? पण २०१६च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट कवडीमोल झाले आणि अशा गावांतील मुलांच्या हाती फोनबरोबरच जगभरचा खेळ-उद्योगही येऊन पडला. ‘पोरे मोबाइलमध्ये गेली’ हे वडीलधाऱ्यांचे गाऱ्हाणे तेव्हापासूनचे. ते खोटे नाही. मात्र त्या गाऱ्हाण्याच्या नादात एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. ज्या कंपन्यांच्या खेळांवर या पिढीने जीव ओवाळून टाकला, त्या कंपन्यांविषयीचे तिचे मत गेल्या काही वर्षांत पार पालटले आहे. कालचा चाहता आज ग्राहक म्हणून हिशेब मागू लागला आहे.

हे मतांतर समजून घ्यायचे तर पब्जीपासूनच सुरुवात करावी लागते. खेळ मूळचा दक्षिण कोरियाचा. परंतु २०१८ साली त्याची मोबाइल आवृत्ती जगापुढे आणली ती चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या सहभागाने. खेळ फुकट. पैसे मोजायचे ते खेळातील चलनासाठी, आणि त्या चलनातून घ्यायचा आपल्या पात्राचा पोशाख वा बंदुकीचा रंग. रक्कम एकेका वेळी लहान, म्हणून ती घरच्यांच्या डोळ्यांवर येत नसे. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय जवानांना हौतात्म्य आले. २९ जूनला ५९ आणि २ सप्टेंबरला आणखी ११८ अॅप्सवर केंद्र सरकारने बंदी घातली. दुसऱ्या यादीत पब्जी होता. देशाच्या सुरक्षेपुढे एका खेळाची पत्रास ती काय? त्या निर्णयाविषयी वाद संभवत नाही. मात्र पडद्यावरचा तो खेळ मावळला तेव्हा अनेक मुलांना प्रथमच उमगले की पैसे देऊन घेतलेली ती चीजवस्तू आपली कधी नव्हतीच.

२ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नव्या नावाने खेळ परतला. क्राफ्टन या कोरियन कंपनीने जुनी खाती नव्या खेळात आणण्याची सवलत काही काळ दिली, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण जुलै २०२२ मध्ये हा अवतारही अॅपच्या बाजारातून हटवला गेला, तो थेट मे २०२३च्या अखेरीस पुन्हा खुला झाला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, सिंगापूरच्या गरेनाचा ‘फ्री फायर’ही बंद झाला होता. दोन-तीनदा असे हात पोळल्यावर कोणता शहाणा मुलगा डोळे मिटून पैसे टाकील?

येथे बंदी सरकारची होती. पाश्चात्त्य देशांत तर अशी बंदी नसतानाही खेळणाऱ्यांचा विश्वास उडाला, आणि तो कंपन्यांनी स्वतःच्या करणीने घालवला. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे उदाहरण बोलके आहे. १९८२ साली ही कंपनी निघाली ती खेळ घडवणाऱ्यांना कलावंत मानून. गाण्यांच्या तबकडीच्या वेष्टनावर गायकाचे नाव असावे, तशी खेळाच्या वेष्टनावर ती निर्मात्यांची नावे छापत असे. त्याच कंपनीला २०१२ आणि २०१३ अशी सलग दोन वर्षे एका अमेरिकी ग्राहक-संकेतस्थळाच्या वाचकांनी देशातील सर्वांत वाईट कंपनी ठरवले. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळाची पूर्ण किंमत घेऊन वर ‘लूट बॉक्स’ विकण्याचा बेत तिने केला. हे बंद खोके म्हणजे जत्रेतली चिठ्ठीच. पैसे आधी द्यायचे, आत काय निघेल ते दैवाधीन. गदारोळ एवढा उठला की खेळ बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी ती पैशांची विक्री थांबवावी लागली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या नियामकांनी अशा खोक्यांना सरळ जुगाराच्या पंक्तीत बसवले.

फ्रान्सच्या युबिसॉफ्टने त्याहून पुढची मजल गाठली. २०१४ सालचा तिचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ लोकांनी दाम मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळणाऱ्याच्याही हाती काही उरले नाही. घरातील पुस्तक प्रकाशकाने दहा वर्षांनी येऊन कपाटातून उचलून न्यावे, तशातला हा प्रकार! त्यातून युरोपात नागरिकांची मोहीम उभी राहिली. विकलेला खेळ निकामी करू नये, या तिच्या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या.

या युबिसॉफ्टचा एक धागा महाराष्ट्राशीही जुळलेला आहे. २००८ साली तिने पुण्यात स्टुडिओ थाटला, पुढे मुंबईतही. नव्वदीच्या दशकात संगणकाच्या क्लासमध्ये चोरून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळलेले आज पन्नाशीला टेकले असतील. त्याच मालिकेतील २००३ सालच्या खेळाची नवी आवृत्ती घडवण्याचे काम या दोन मराठी शहरांकडे आल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा येथील मुलांना कोण आनंद झाला! पण पहिली झलक लोकांना रुचली नाही. तारखा पुढे पुढे गेल्या, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवले गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो प्रकल्पच गुंडाळला. शिव्या मात्र पुण्या-मुंबईच्या कारागिरांनी खाल्ल्या.

मग उपाय स्वदेशीचा का नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. तो २०२० मध्येही पुढे आला होता. पब्जीवरील बंदीनंतर दोनच दिवसांनी अभिनेता अक्षयकुमार याने बंगळुरूच्या एन्कोर कंपनीच्या ‘फौजी’ या खेळाची घोषणा केली. निव्वळ उत्पन्नाचा २० टक्के वाटा ‘भारत के वीर’ निधीला जाणार होता. २६ जानेवारी २०२१ रोजी गलवानच्या पार्श्वभूमीवरील तो खेळ आला, लोकांनी तो उत्साहाने उतरवून घेतला, आणि पाहता पाहता प्ले स्टोअरवरचे त्याचे तारे घसरले. सवंगड्यांबरोबर जमून खेळण्याची सोय आरंभी त्यात नव्हती. खेळ थोडक्यात संपत होता. ज्या मुलांनी चिनी खेळ आनंदाने सोडला, त्याच मुलांनी देशी खेळाला अनुत्तीर्ण केले. यात त्यांची देशभक्ती उणी पडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. खादीसुद्धा विरलेली असेल तर कोणी घेत नाही.

याउलट पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेले ‘राजी’ पाहावे. लोकवर्गणीची त्यांची पहिली हाक पुरेशा पैशांअभावी फसली होती. तरीही मंडळी चिकटून राहिली आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ निन्टेन्डोच्या यंत्रावर आला. असुराने पळवलेल्या भावाला सोडवायला निघालेली एक डोंबारी वळणाची, कसरतीत निष्णात पोर, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, भिंतीवरच्या चित्रांतून उलगडणाऱ्या पुराणकथा, छायाबाहुल्यांतून सांगितलेले प्रसंग. देवादिकांची नावे केवळ शोभेला न वापरता ती कथेत मुरवली म्हणून जगभरच्या खेळाडूंनी त्याला दाद दिली. मालेगावच्या मुलापर्यंत मात्र हा खेळ सहजी पोहोचत नाही. तो साध्या फोनवरचा नव्हे. प्रचंड प्रकाशकांची खरी ताकद इथे आहे, वितरणात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांना त्याने मनाई केली आणि ई-क्रीडेला उत्तेजन देण्याचे ठरवले. त्याने कित्येक संसार वाचतील. पण विकलेला खेळ, पोशाख, चलन यांची मालकी कोणाची, हा प्रश्न निराळा असून तो ग्राहक-चळवळीचा आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली तेव्हा लढाई वजनमापाची आणि भेसळीची होती. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ई-व्यापाराच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनेही घेतली आहेत, आणि तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे मालेगावच्या बापाला कंपनीच्या कचेरीचा पत्ता शोधत बंगळुरूला जाण्याचे कारण नाही. वाशीम पुरेसे आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला ‘तुम्ही वस्तू नव्हे, केवळ वापराचा परवाना घेत आहात’ असे खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगावे लागते. तेच वाक्य येथे पैसे भरण्याच्या बटनाशेजारी मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापून घेण्याची मागणी ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी हाती घ्यायला हरकत नाही. त्यासाठी लागणारी तरुण मुले गावोगावच्या पारावर फोन घेऊन बसलेलीच आहेत.