बघतंय की शिकतंय?

दोन-तीन वर्षांच्या मुलाला मोबाइलवर गाण्यांचं कार्टून लावून दिलं की घर शांत. वर इंग्रजी आकडे पाठ होतात, म्हणून आपण खूश. मी सॉफ्टवेअरवाला, मला एकच प्रश्न पडतो, इथे मोजलं काय जातं?

१९६९ मध्ये अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झालं. संशोधक एडवर्ड पामर टीव्हीशेजारी स्लाइड प्रोजेक्टर लावून ठेवत आणि मुलांची नजर तिकडे कधी वळते ते टिपत. पण काम तिथे थांबलं नाही. मुलं अक्षरं, आकडे खरंच शिकली का, हे बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेतलं.

ऑटोप्लेला फक्त नजरेशी मतलब. एक गाणं संपलं की दुसरं हजर. शिकण्याची चौकशी कोण करणार? दोस्तांनो, ती आपल्याकडेच आली. जागतिक आरोग्य संघटना २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर १ तास स्क्रीन सांगते, त्याहून लहानांना नकोच. तेव्हा आधी ऑटोप्ले बंद करा. शेजारी बसा. रंगांचं गाणं झालं की मोबाइल ठेवून घरात लाल काय-काय आहे ते शोधायला लावा, मराठीत, दखनीत, जी बोली घरात असेल तिच्यात.