खेळगप्पा : ७५ धावांची आघाडी आणि निसटलेला करंडक



जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने रणजी करंडक जिंकला तेव्हाची दृश्यं तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिली असतील. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित रडत होते आणि पोरांनी त्यांना उचलून घेतलं होतं. एवढ्या कडक माणसाच्या डोळ्यांत पाणी का, हे कळायला एप्रिल १९९९ मध्ये जावं लागतं. मैदान तेच, बंगळूरचं चिन्नास्वामी.

तेव्हा पंडित आपले कर्णधार होते आणि अंतिम सामना कर्नाटकाशी होता. त्यांच्या ३०४ ला आपण ३७९ ने उत्तर दिलं. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ जिंकतो. म्हणजे त्या ७५ धावांनी करंडक अर्धा घरी आलाच होता! कर्नाटकाने दुसऱ्या डावात ३२१ केल्या आणि आपल्यापुढे २४७ चं लक्ष्य आलं. ते गाठायची सक्ती नव्हती, नुसतं टिकून राहिलं तरी भागत होतं. आपण १५० वर आटोपलो आणि ९६ धावांनी हरलो. विजय भारद्वाजने ऑफस्पिनवर सहा गडी टिपले.

अशा वेळी खेळपट्टीला बोल लावायची आपल्याकडे जुनी सवय आहे. शेवटच्या डावात चेंडू वळणार हे तर गल्लीतलं पोरही सांगेल. माझ्या मते गोची वेगळी होती. लक्ष्य अगदीच आवाक्याबाहेर असतं तर सगळ्यांनी मुकाट्याने पॅड पुढे केलं असतं, आणि १०० चं असतं तर मारून मोकळे झाले असते. २४७ हा आकडा मधलाच. धावा काढायच्या की वेळ, हे मनात पक्कं नसलं की पाय ना पुढे जातो ना मागे, आणि फिरकीला तेवढंच पुरतं.

पुढची २३ वर्षं आपण अंतिम फेरीत पोचलोसुद्धा नाही.

२०२२ ला मुंबईच्या ३७४ पुढे आपण ५३६ केल्या. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार अशी तिघांची शतकं. आघाडी या वेळी १६२ ची होती. मग मुंबईला २६९ वर गुंडाळलं आणि १०८ धावा चार गडी गमावून काढल्या.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मात्र त्या पाच दिवसांत पंचाईत होती. अर्धे नातलग दादर-ठाण्याला, मग टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? आणि ज्यांना हरवलं ती मुंबई म्हणजे खुद्द पंडितांचं माहेर!

पुढच्या वेळी आपल्या रूपसिंह स्टेडियमवर सचिनने २०१० मध्ये काढलेल्या २०० धावांबद्दल बोलू.