कडक डोहाळे आणि तीन महिन्यांचें मौन

भाद्रपदांत घरीं गौरी बसल्या कीं मला एक दिवस हटकून आठवतो आणि माझी मलाच लाज वाटते. तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. पाहुण्यांसह घरांत १८ माणसें, सोळा भाज्यांचा बेत, पुरणाचा घाट. धाकटी सून तळणापाशीं उभी होती. दोन दिवस तिचें जेवणाकडे लक्ष नव्हतें; मधूनच ती मोरीकडे जाई. “कचेरींत बाहेरचें खातेस, पोट बिघडलें असेल; चिमूटभर ओवा खा,” असें सांगून मी पुन्हां पुरण वाटूं लागलें. घटकाभरानें ती शेगडीपाशींच भोंवळ येऊन पडली. कढईला धक्का लागला नाहीं, हें आमचें दैव.

दवाखान्यांत कळलें कीं तिला नववा आठवडा चालू होता, आठ दिवस पोटांत कांहीं ठरत नव्हतें आणि तिचें वजन ५२ किलोवरून ४९ वर आलें होतें. मीं मुलाला रागानें विचारलें, “तुला ठाऊक होतें, मग मला कां नाहीं सांगितलेंस?” तो खालीं पाहून म्हणाला, “आई, तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगूं नये, असें वहिनीच्या वेळीं तूंच म्हणाली होतीस.”

ह्यावर मला बोलायला जागा उरली नाहीं. तेव्हांपासून ह्या रिवाजाचा मीं पुष्कळ विचार केला आहे. तोच आज वाचक भगिनींपुढें मांडतें.

हा रिवाज अगदींच वेडगळ आहे असें नाहीं. गर्भ गळण्याचा संभव पहिल्या तीन महिन्यांत अधिक असतो. साऱ्या गांवाला पेढे वाटून मग प्रत्येकाला दुःखाची बातमी सांगत बसण्याचा प्रसंग कोणत्याही मुलीवर येऊं नये. परंतु पूर्वीं हें मौन उंबऱ्याबाहेरचें होतें. सून महिन्यांतून चार दिवस बाजूला बसे. ती बसली नाहीं कीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांना न सांगतां कळे. ती चाल गेली हें उत्तमच झालें. पण तिच्याबरोबर घरांतलें जाणणेंही गेलें, आणि मौन तेवढें उरलें. आज नवरा-बायको दोघेंच जाणतात, आणि स्वयंपाकघर चालविणारी अंधारांत असते.

आतां काळाचा हिशेब पाहा. दहांपैकीं सात-आठ गर्भवतींना मळमळ किंवा उलट्या होतात. हा त्रास बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो, नवव्याच्या आसपास कळसास पोंचतो आणि पुष्कळींचा सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत शमतो. म्हणजे सांगूं नये असे जे दिवस, तेच सर्वांत कठीण. सातव्या महिन्यांत आपण फुलांची वाडी भरून डोहाळेजेवण करतों. तोंवर बिचारीचे कडक डोहाळे केव्हांच सरलेले असतात!

“आम्हींही सारें काढलें, आम्हांला कोणी निजवून ठेवलें होतें?” असें कोणी म्हणेल. मीही म्हणत असें. परंतु हा त्रास सर्वांना सारखा होत नाहीं, आणि तो मनाच्या कमजोरीचा तर मुळींच नाहीं. २०२३ सालीं ‘नेचर’ ह्या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें गर्भ आणि वार ह्यांच्यापासून ‘जीडीएफ १५’ नांवाचें द्रव्य आईच्या रक्तांत उतरतें आणि मेंदूंतील मळमळ जागविणाऱ्या भागावर परिणाम करतें. जिच्या रक्तांत हें द्रव्य पूर्वीं अल्प असतें, तिला ही एकाएकीं झालेली वाढ अधिक बाधते. तेव्हां सासूच्या अनुभवानें सुनेचा त्रास मोजणें म्हणजे एकीच्या चपला दुसरीच्या पायांत कोंबणें होय.

उपायांतले निम्मे तरी घरच्या माणसांच्या हातीं आहेत. फोडणी, कांदा-लसणीचें परतणें, तळण आणि ऊतूं जाणारें दूध ह्यांपासून तिला दोन-तीन महिने सुट्टी द्यावी; उदबत्तीही दूरच्या खोलींत लावावी. सकाळीं उठण्यापूर्वीं अंथरुणांतच दोन मुठी साळीच्या लाह्या किंवा कोरडी भाकरी खाऊं द्यावी व मग सावकाश उठवावें. पोट रिकामें राहूं देऊं नये, आणि तुडुंबही भरूं नये. दर दोन तासांनीं थोडें थोडें द्यावें. मेतकूट-भात, पेज, कोकमाचें सार, जें तिला सोसेल तें. पाणी जेवणाबरोबर न घेतां मधल्या वेळांत घोट घोट घ्यावें. आल्यानें मळमळ कमी होते हें आजीचें म्हणणें प्रयोगांतही बरेंचसें खरें ठरलें आहे. “बाळासाठीं खा” म्हणून ताटापुढें कोणी तिला धाक घालूं नये.

परंतु आल्यालिंबावर विसंबूं नये, अशीही एक वेळ असते. चोवीस तासांत पाण्याचा घोटही टिकला नाहीं, लघवी थोडी व गडद होऊं लागली, उभें राहतां भोंवळ आली, ताप किंवा पोटांत दुखणें असलें, उलटींत रक्त दिसलें, किंवा मूळच्या वजनाचा विसावा भाग घटला, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

औषधाची भीति मात्र पुष्कळांना वाटते. ती निराधार नव्हे. १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत विक्रीस आलेलें थॅलिडोमाइड गर्भवतींना मळमळीसाठीं दिलें गेलें आणि हजारो बालकें हातापायांनीं व्यंग अशी जन्मलीं. १९६१ सालीं तें तेथें बाजारांतून काढावें लागलें. परंतु त्या धड्यानंतरच औषधें पारखून घेण्याचे नियम कडक झाले. आज डॉक्टर देतात तें डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्वाचें मिश्रण असंख्य गर्भवतींनीं घेतलें आहे व त्यापासून गर्भास अपाय झाल्याचें आढळलेलें नाहीं. मनानें कोणतीही गोळी घेऊं नये. पण डॉक्टरांनीं दिलेली गोळी भीतीनें उशाखालीं दडवूंही नये. फॉलिक आम्लाची गोळी उलटींतून पडत असेल तर तेंही त्यांना सांगावें.

माझ्या सुनेला दोन दिवस शिरेंतून सलाईन द्यावें लागलें, पुढें गोळ्यांनीं आराम पडला. नात आतां दोन वर्षांची होऊन गेली आहे आणि गौरीच्या मखरांतलीं फुलें ओढते. घरांत आम्हीं एक नियम केला आहे. तीन महिने बाहेर कुणाला सांगायचें नाहीं, हें कायम. पण स्वयंपाकघराची किल्ली जिच्या कमरेला, तिला पहिल्या दिवशींच सांगायचें. आणि तिनेंही सून सांगेपर्यंत वाट पाहूं नये. सून दोनदां ताटावरून उठली, तर ओव्याच्या डबीकडे हात नेण्यापूर्वीं तिला जवळ घेऊन हळूच विचारावें.